मलाकलमधली बिनहत्यारी ड्यूटी

दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस अधिकाऱ्याला अटकेचा अधिकार नसतो आणि कमरेला पिस्तूलही नसतं. गुन्हा दाखल करता येत नाही, नाकाबंदी लावता येत नाही. सशस्त्र तुकड्या वेगळ्या. त्या रवांडा, घाना, नेपाळ अशा देशांतून अख्ख्याच्या अख्ख्या येतात. आमच्यासारखे एकेकटे गेलेले अधिकारी अंगावर आपापल्या देशाची वर्दी, डोक्यावर निळी टोपी, हातात रेडिओ आणि खिशात वही घेऊन फिरतात. हे सांगितलं की आमच्या महाराष्ट्र पोलीस खात्यातली मंडळी आधी हसतात आणि मग विचारतात, "मग तिथं जाऊन करता तरी काय?"

प्रश्न रास्त आहे, कारण सगळ्याच मोहिमा अशा नव्हत्या. १९९९ नंतर कोसोवो आणि पूर्व तिमोरमध्ये कायदा-सुव्यवस्था प्रत्यक्ष संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांच्या हातात होती. तिथं गेलेले आमचे जुने अधिकारी अटका, तपास, रात्रगस्त अशाच गोष्टी सांगतात. दक्षिण सुदानचं प्रकरण निराळं आहे. ९ जुलै २०११ ला तो देश स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारला हात देण्यासाठी मोहीम उभी राहिली. पोलीस दल तर शून्यातून उभं करायचं होतं. जंगलात वर्षानुवर्षं लढलेले सैनिक एका हुकमानं पोलीस झाले होते, त्यातल्या कित्येकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री राजधानी जुबामध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी त्याच वर्षी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रिक माचार यांच्या सैनिकांत गोळीबार सुरू झाला. बघता बघता डिंका जमात विरुद्ध नुएर जमात असं त्याचं रूप झालं. जीव वाचवायला लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळांच्या फाटकांवर येऊन थडकले आणि फाटकं उघडली गेली. काही दिवसांची सोय म्हणून आत घेतलेली माणसं वर्षानुवर्षं आतच राहिली.

ज्या पोलिसांना शिकवायला मोहीम गेली होती, त्यांतलेच काही या मारामारीत सामील असल्याचे आरोप झाले. मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २१५५ करून राष्ट्र उभारणीचं काम बाजूला ठेवलं आणि नागरिकांचं संरक्षण वर आणलं. पोलिसांना मदत जवळजवळ थांबली. नंतरच्या ठरावांनी ते दार थोडं किलकिलं केलं. मी गेले ती या किलकिल्या दारातून.

निवडीची प्रक्रिया आपल्याकडच्या कुठल्याही प्रतिनियुक्तीसारखीच सुरू होते. महासंचालक कार्यालयाचं परिपत्रक, घटकप्रमुखांची शिफारस, विभागीय चौकशी चालू नसल्याचा दाखला, वैद्यकीय तपासणी. किमान पाच वर्षांची पोलीस सेवा लागते. मग दिल्लीत परीक्षा. लोकांना वाटतं की फायरिंग अवघड जात असेल. तसं काही नाही, फायरिंग आपण दरवर्षी करतो. गळती होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे गाडी. डाव्या बाजूला स्टिअरिंग, गिअर उजव्या हाताला, आणि खांबांच्या मधून मोठी जीप रिव्हर्स घ्यायची. आयुष्यभर ज्यांची गाडी ड्रायव्हरनं चालवली ते वरिष्ठ तिथं घामाघूम होतात.

दुसरं ठिकाण अहवाल लेखन. एक घटना ऐकवतात, टिपणं काढायची आणि इंग्रजीत अहवाल लिहायचा. इंग्रजी जेमतेम असलं तरी निभतं, पण आपल्या लिहिण्याच्या सवयी नडतात. "सदर इसम हा सराईत असून त्याने पूर्ववैमनस्यातून" असं वाक्य आपल्या हातातून आपोआप उतरतं. तिथं विचारतात: तुम्ही काय पाहिलं? तुम्हाला कुणी काय सांगितलं? कशाची खातरजमा झालेली नाही? या तीन गोष्टी एकत्र कालवल्या की गुण गेले. तेव्हा मला हा परीक्षेचा बारीकपणा वाटला होता. पुढे कळलं की ज्या पोलिसाला अटक करता येत नाही, त्याच्याकडे हत्यार म्हणून एवढंच असतं: बघायचं, विचारायचं आणि जसंच्या तसं लिहायचं.

युगांडातल्या एंटेबीत कागदपत्रं, जुबात प्रशिक्षण, पुन्हा एकदा ड्रायव्हिंगची परीक्षा. तिथल्या गाड्यांना एक कार्ड लागतं, ते यंत्राला दाखवल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. कोण चालवतंय, किती वेगानं, कुठे, सगळं नोंदलं जातं. लैंगिक शोषणाबद्दलचे नियम इतक्या वेळा आणि इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितले जातात की आपल्या प्रशिक्षण केंद्रांनीही तसंच करावं असं मनात आलं. भारतीय तुकड्यांच्या लोकांशी गाठ पडली की गुमुरुकचं नाव निघायचंच. ९ एप्रिल २०१३ ला तिथं ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला आणि पाच भारतीय सैनिक मारले गेले. हे लढाई पेटायच्याही आधीचं.

माझी नेमणूक मलाकलला झाली. पांढऱ्या नाईलच्या काठचं हे शहर, अप्पर नाईल राज्याची राजधानी. २०१३ नंतर ते इतक्या वेळा या बाजूकडून त्या बाजूकडे गेलं की मूळचे घरमालक कोण हा वाद आजही मिटलेला नाही. तळ शहराबाहेर, विमानतळाजवळ. तळाला लागूनच आसऱ्याला आलेल्यांची छावणी, जिला सगळे 'पीओसी' (प्रोटेक्शन ऑफ सिव्हिलियन्स, म्हणजे नागरिकांचं संरक्षण) म्हणतात. बाकीच्या अशा छावण्या २०२० आणि २०२१ मध्ये साध्या विस्थापित वस्त्या म्हणून सरकारच्या हवाली झाल्या. मलाकल तेवढी राहिली, कारण इथं शिलुक, नुएर आणि डिंका या जमातींचं भांडण जमिनीचंच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच छावणीवर हल्ला होऊन किमान २५ माणसं मेली होती आणि मोठा भाग जळाला होता. ते आठवण म्हणून सांगणारी बाई अजून त्याच पत्र्याखाली राहत होती.

माती मात्र ओळखीची निघाली. काळी, भारी, कापसाची, आमच्या परभणीकडे असते तशीच. एप्रिलपर्यंत पाय मावेल अशा भेगा, आणि पाऊस लागला की गाडी चाकाला चिखल गुंडाळून जागच्या जागी. फरक एवढाच की आमच्याकडे मधे डांबरी रस्ता असतो. तिथं पावसाळ्यात ठाण्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसे. हेलिकॉप्टर किंवा होडी, नाहीतर थांबा.

छावणीतलं काम तिथल्या अर्थानं 'पोलीस' काम होतं. तीस-चाळीस हजार लोक दाटीवाटीनं राहणार, त्यात पाण्याच्या नळावरून भांडणं, पोरांच्या टोळ्या, हातभट्टी, पळून जाणं, मारहाण. लोकांनीच नेमलेली राखणदारांची टोळी असे, बिनपगारी, शिट्ट्या आणि जाकिटं एवढंच सामान. किरकोळ तंटे वडीलधाऱ्यांची समिती मिटवायची. आपल्याकडे २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली, तिच्या समित्यांत काम केलेल्या माणसाला ते दृश्य नवं वाटणार नाही, अगदी बायकांना मागच्या रांगेत बसवण्यापर्यंत. गंभीर गुन्ह्यातल्या माणसाला तळावरच्या कोठडीत ठेवलं जाई. पण पुढे काय? त्याला सरकारच्या ताब्यात द्यायचं तर तिथं त्याचा छळ होणार नाही, त्याला फाशी दिली जाणार नाही, याची हमी लागते. हमी मिळाली तरी न्यायाधीश जागेवर पाहिजे. तो नसे. मग विमानानं फिरतं न्यायालय येईपर्यंत वाट बघायची.

पहाटेची लाकडाची गस्त मला सगळ्यात पटलेलं काम. छावणीतल्या बायका सरपणासाठी बाहेर जातात. पुरुष का जात नाहीत, असं नवा माणूस विचारतो. बायकांचं उत्तर सरळ असायचं: पुरुष गेला तर त्याला मारून टाकतील, आम्ही गेलो तर परत तरी येतो. परत येताना काय झेलून येतात ते त्या पहिल्या भेटीत सांगत नसत. आम्ही सशस्त्र तुकडीबरोबर त्या वाटेवर ठरलेल्या वेळी गाडी उभी करायचो आणि काही अंतर चालायचो. बस. कुणाला पकडलं नाही, कुठला गुन्हा उघडकीला आणला नाही. पण गस्त असलेल्या दिवशी वाटेवर बायकांची रांग लांब असे आणि त्यात कोवळ्या मुलीही दिसत. गस्त रद्द झाली तर मुली घरी ठेवून म्हाताऱ्या पुढे होत. कुणी मला या मोहिमेचा उपयोग विचारला तर मी आकडे सांगत नाही, ही रांग सांगते.

८ जून २०२३ ला छावणीत नुएर आणि शिलुक पोरांत जुंपली. डझनाहून जास्त माणसं मेली. त्यावर इथं फार लिहीत नाही. एवढंच की ज्या राखणदारांच्या भरवशावर आम्ही होतो, त्यांतले बरेच त्या दिवशी आपापल्या बाजूला जाऊन उभे राहिले. पुढचे कित्येक आठवडे आमचं काम म्हणजे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका छपराखाली बसवणं. त्यात एप्रिलमध्ये सुदानमध्ये लढाई पेटलेली. तिथून पळालेले लोक सीमेजवळच्या रेंकमार्गे होड्या भरभरून मलाकलच्या धक्क्यावर उतरत होते. छावणीत आधीच पाय ठेवायला जागा नव्हती.

शहरातल्या ठाण्यांवर जाणं हे दुसरं काम, आणि खरं तर पोलिसांना मदत म्हणतात ते हेच. आमचे दोघे-तिघे, एक दुभाषा, दोन गाड्या. एकटी गाडी न्यायची नाही असा नियम. तिथल्या पोलिसांच्या हुद्द्यांची नावं लष्करी आहेत, मेजर, कर्नल वगैरे. एका ठाण्याचा प्रमुख मेजर होता. ठाणं म्हणजे विटांच्या दोन खोल्या, अंगणात कडुनिंब आणि बाजूला मालवाहू जहाजाचा लोखंडी कंटेनर. ती कोठडी. दुपारी त्याच्या दाराला हात लावला तर चटका बसायचा.

त्या कडुनिंबाखाली एक म्हातारी बसलेली दिसली. कंटेनरमध्ये नव्हती, पण जायलाही मोकळी नव्हती. विचारलं तर कळलं, तिचा मुलगा एका मुलीला घेऊन नदीपार पळाला. मुलीच्या घरच्यांना मुलाकडून वधूमूल्याच्या गाई हव्यात. मुलगा सापडत नाही, म्हणून आई. नोंद कुठे? मेजरनं शाळकरी वही काढून दाखवली. तीत तिचं नाव नव्हतं. म्हणजे कागदावर ती ठाण्यात आलेलीच नव्हती.

आता इथं मी आपल्याकडचं साळसूदपणे विसरून जावं असं नाही. आरोपी मिळत नाही म्हणून घरच्यांना 'बसवून ठेवणं' हा प्रकार महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या हवालदाराला समजावून सांगावा लागत नाही. चोवीस तासांत न्यायालयापुढे उभं करायचं हे आपल्या राज्यघटनेत आहे आणि दक्षिण सुदानच्या २०११ च्या हंगामी राज्यघटनेतही आहे. त्यामुळे मी मेजरला कायदा शिकवायला गेले नाही. तिला कधी सोडणार एवढंच विचारलं.

तो म्हणाला, "सोडलं तर मुलीचे भाऊ आज रात्री तिची झोपडी जाळतील. इथं ती निदान जेवते. तुम्ही तिच्या दारात रात्रभर उभ्या राहणार का?"

आम्हाला सूर्यास्तानंतर तळाबाहेर थांबायची परवानगी नव्हती. त्याला ते ठाऊक होतं.

मग जे केलं ते पोलिसी कमी आणि मध्यस्थी जास्त. तिच्या वस्तीचा मुखी शोधला, मुलीकडचा मुखी शोधला, चर्चमधल्या बायकांच्या गटाला सांगितलं. गाईंचा हिशेब मुखीच्या पंचायतीत होईल, तोवर म्हातारीला हात लावणार नाही, असं दोन्हीकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं. मेजरनं तिचं नाव वहीत लिहिलं, आल्याची तारीख अंदाजे, सोडल्याची खरी. मी अहवालात लिहिलं की नोंद सुटकेच्या दिवशी आमच्यासमोर झाली. आमच्या वरिष्ठांना ते वाक्य आवडलं नाही, त्यांना 'ठाण्यात नोंद ठेवली जाते' असं हवं होतं. मी बदललं नाही.

त्याच ठाण्यात फॉर्म ८ चा घोळ बघितला. मारहाण किंवा बलात्कार झाला तर वैद्यकीय तपासणीसाठी पोलिसांचा हा फॉर्म लागतो. पुरावा म्हणून तो ठीकच. पण वर्षानुवर्षं समज अशी की फॉर्म नसेल तर दवाखान्यात उपचारच मिळणार नाहीत. सरकारनं उपचारासाठी तो लागत नाही असं स्पष्ट केलंय, पण ते जुबाहून मलाकलच्या टेबलापर्यंत पोचलेलं नव्हतं. एक मुलगी आईबरोबर आली, उभीही राहवत नव्हती. टेबलावरच्या शिपायानं फॉर्म संपलेत म्हणून सांगितलं. झेरॉक्स काढायला पैसे पडतील म्हणाला. त्याला त्या कामात लाच वगैरे घेतोय असं वाटतही नव्हतं. ठाण्याला कागदासाठी पैसा मिळत नाही, तो शाईचा खर्च वसूल करत होता. आम्ही मुलीला थेट छावणीतल्या दवाखान्यात पाठवलं. बहात्तर तासांच्या आत पोचली तर एचआयव्ही टाळणारी गोळी देता येते, आणि त्यातले किती तास कागद शोधण्यात गेले हे तिची आई सांगू शकत नव्हती.

यावरून ठरवलं की एक छोटं प्रशिक्षण घ्यायचं. विषय अगदी साधे: कोठडीचं रजिस्टर, फॉर्म ८, अल्पवयीन मुलं, नातेवाइकांना डांबणं. आणि इथून खरी प्रक्रिया सुरू झाली.

संयुक्त राष्ट्रांचं एक धोरण आहे. ज्या सुरक्षा दलाकडून मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन होण्याचा खरोखर धोका आहे, त्याला संयुक्त राष्ट्रांनी मदत द्यायची नाही. दिली तर आधी धोका तपासायचा आणि तो कमी करण्याचे उपाय लिहून द्यायचे. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. ज्या दलानं माणसं मारली त्याला आपण गाड्या आणि रेडिओ देत बसलो, असं व्हायला नको. पण मदत म्हणजे हत्यारं-गाड्याच नव्हेत, प्रशिक्षणही मदत, रजिस्टरच्या वह्या देणंही मदत, शिपायांना गाडीत बसवून सभागृहात आणणंही मदत. म्हणजे प्रत्येकासाठी कागद.

नावांची यादी ठाण्याकडून घ्यायची. ती मानवी हक्क विभागाकडे छाननीला. तिथून एक नाव वगळून यादी परत आली, कारण दिलेलं नव्हतं आणि ते बरोबरच आहे, कारण दिलं तर साक्षीदाराच्या जिवावर बेततं. पण मेजरला मी काय सांगणार? तो भडकला. "माझा माणूस गुन्हेगार आहे असं तुम्ही म्हणताय. येतील तर सगळे येतील, नाहीतर कुणीच नाही." राज्याच्या पोलीस आयुक्तांपर्यंत गोष्ट गेली. खूप चहा प्यायला गेला. शेवटी त्या माणसाची त्याच आठवड्यात गावाकडे 'महत्त्वाची ड्यूटी' निघाली आणि सगळ्यांची अब्रू राहिली. असे मार्ग काढण्यात कुठल्याही देशाचे पोलीस एकसारखेच हुशार.

मग संयुक्त राष्ट्रांच्या गाडीतून बाहेरचा माणूस न्यायचा म्हणून प्रत्येकाची जबाबदारीमुक्तीची सही. सही येत नसलेल्यांचे अंगठे. एवढं सगळं जमलं त्या दिवशी पाऊस पडला आणि गाड्या फाटकाबाहेर निघाल्या नाहीत. नवी तारीख, पुन्हा गाड्यांची मागणी. शेवटी झालं.

प्रशिक्षणात मी भिवंडी सांगितली. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमान एकत्र बसवले, बीटच्या पोलिसाला त्या लोकांत मिसळायला लावलं, आणि ज्या गावाची १९८४ ची दंगल सगळ्यांना पाठ होती ते १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना शांत राहिलं. मलाकलमध्ये पोलीस आणि लोकांच्या संयुक्त समित्या आम्ही चालवत होतोच, त्यांना जीव यावा म्हणून ही गोष्ट. सगळ्यांनी मन लावून ऐकली. मग मागे बसलेल्या एका कॉर्पोरलनं विचारलं, "तुमच्या भिवंडीत किती घरांत कलाश्निकोव्ह होती?"

मी म्हटलं, जवळजवळ शून्य. तो म्हणाला, "इथं माझ्याकडे नाही आणि गुरं राखणाऱ्या पोराकडे आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. भिवंडीच्या पोलिसामागे सरकार होतं, न्यायालय होतं, एक तारखेला पगार होता. त्या कॉर्पोरलमागे यातलं काहीच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदानमधल्या लढाईत तेलाची वाहिनी फुटली. दक्षिण सुदानचं बहुतेक तेल तिच्यातूनच समुद्रापर्यंत जायचं आणि सरकारचा जवळजवळ सगळा पैसा तेलाचा. आधीच महिनोन् महिने रखडणारे पगार पार आटले. शिपाई सकाळी ठाण्यात हजेरी लावून नाईलवर मासे धरायला जायचे, काही कोळसा पाडायचे. एका महिला शिपायाचा बाजारात चहाचा ठेला होता, तिला भेटायचं तर ठेल्यावर जायचो. महिला व बालकांच्या कक्षासाठी मात्र छान इमारत होती. मोहिमेकडे छोट्या तातडीच्या कामांसाठी निधी असतो, एका कामाला पन्नास हजार डॉलरपर्यंत. त्यातून खोल्या होतात, पत्रे होतात, फलक लागतो, उद्घाटनाचा फोटो निघतो. पगार त्यातून देता येत नाही. माझं मत विचाराल तर बाहेरच्या मदतीचं सगळं दुखणं इथं आहे. जे दाखवता येतं त्याला पैसा मिळतो. शिपाई दिवसभर ठाण्यात बसून राहील यासाठी तो कुणीच देत नाही.

तरी रजिस्टर सुरू झालं. आडवी वही, रूळ मारून रकाने: नाव, आल्याची वेळ, कारण, कुणी आणलं, सुटका. लिहिता येणारा एक तरुण शिपाई मेजरनं त्या कामाला लावला. आम्ही गेलो की तो वही उघडून उभा राहायचा. मी मुद्दाम न सांगता जायचे. काही वेळा कंटेनरमध्ये पाच आणि वहीत तीन, तर काही वेळा दोन्हीकडे तेवढेच. दोन्ही अहवालात जायचं. नातेवाइकांना डांबणं थांबलं नाही, पण 'कारण' या रकान्यात तो शिपाई 'भावाबद्दल', 'मुलाबद्दल' असं लिहू लागला, आणि त्यामुळे फिरत्या न्यायालयाबरोबर आलेल्या सरकारी वकिलाला एका बैठकीत ती माणसं वेगळी काढून सोडता आली. एवढ्यासाठी सगळे कागद सोसले असं मी म्हणते. माझ्याबरोबरच्या एका युरोपीय अधिकाऱ्याला ते पटत नसे. त्याच्या मते आम्ही एका बेकायदा गोष्टीचा सुबक हिशेब ठेवायला शिकवलं. त्याचंही चूक नव्हतं.

मुदत संपल्यावर तळ सोडण्याची प्रक्रिया येण्याच्या प्रक्रियेपेक्षा किचकट आहे. रेडिओ, हेल्मेट, जाकीट, गाडीचं कार्ड, खोलीची किल्ली, प्रत्येकाची वेगळी सही. माझ्या जागी पश्चिम आफ्रिकेतल्या एक बाई आल्या, अनुभवी, फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्या. त्यांना ठाणी दाखवली, मुखींना भेटवलं, लाकडाच्या वाटेवर चालवलं. प्रलंबित कामांचं टिपण दिलं. त्यात पहिलंच कलम होतं की छाननी झालेली यादी जुनी होत आलीय, नवीन पाठवा.

मी परतल्यावर तिकडे बरंच बिनसलं. मार्च २०२५ मध्ये अप्पर नाईलमधल्याच नासिरची लष्करी छावणी सशस्त्र तरुणांनी घेतली, जखमी सैनिकांना बाहेर काढायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन कर्मचारी दगावला, आणि त्याच महिन्यात माचार यांना जुबात घरीच नजरकैदेत टाकलं. पुढे ऑक्टोबरमध्ये पैशाच्या तुटवड्यामुळे जगभरच्या शांतिसेनांत सुमारे पाव कपात करायचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. कपात झाली की पहिली जाते ती रोजची गस्त, कारण तिला डिझेल लागतं.

आमचा दुभाषा अधूनमधून व्हॉट्सअॅपवर लिहितो. मध्ये त्यानं कळवलं की मेजरची बदली झाली. नव्या मेजरनं आल्या आल्या विचारलं की हे रजिस्टर कुणाच्या हुकमानं ठेवता, लेखी आदेश दाखवा. लेखी आदेश कधीच नव्हता. माझ्या जागी आलेल्या बाईंनी राज्याच्या मुख्यालयात अर्ज टाकलाय, आणि आदेश निघाला की पुन्हा प्रशिक्षण घ्यायचं म्हणून नव्या शिपायांच्या नावांची यादी छाननीला पाठवलीय. ती अजून परत आलेली नाही.